धारोजीचं आडनाव

पायथा

सावटगडाच्या पायथ्याशी एसटी वळते तिथे आता कमान आहे. कमानीवर एक ढाल, दोन तलवारी आणि मधोमध ठळक अक्षरांत 'वीर धारोजी प्रवेशद्वार'. त्या कमानीखाली वाकून शैलेंद्र खोपकर बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती.

"झाली का?" त्याची बायको अश्लेषा म्हणाली.

"होतेय."

"मघापासून तोच पाय धरून बसलायस. शैलू, परत सांगते. आज वर गेल्यावर सगळ्यांसमोर बोलायचं. धारोजी नावाचा माणूस कधी नव्हता, तो मी रचला. दोन वाक्यं. तू नाही बोललास तर मी बोलेन."

"बोलतो म्हटलं ना."

"गेल्या वर्षी पण म्हणाला होतास."

"गेल्या वर्षी धुकं होतं."

"धुक्यात खोटं कबूल करता येत नाही?"

शैलेंद्रने दुसऱ्या बुटाची नाडी धरली.

पलीकडे 'कातळवेडे ट्रेकर्स' गोल करून उभे होते. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट, टी-शर्टवर धारोजी. भरघोस मिशा, भेदक डोळे, कानात भिकबाळी. हा चेहरा कुठून आणला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शैलेंद्रला मात्र दर वेळी वाटायचं, हा माणूस आपण मसाल्याच्या पाकिटावर पाहिलाय.


धारोजी, पहिली खेप

त्याचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी कातळवेड्यांचा पहिला ट्रेक सावटगडावर आला. शैलेंद्र आठवडाभर पतपेढीत वसुलीच्या नोटिसा पाठवायचा आणि रविवारी इतिहास सांगायचा. पण सावटगडाला इतिहास नव्हता. जुन्या सरकारी ग्रंथात एवढंच लिहिलेलं: तटबंदी पडकी, पाणी खारट, वस्ती नाही. वर चढून घामाघूम झालेल्या माणसांना हे वाचून दाखवलं तर पुढच्या रविवारी कोण येणार?

कड्याजवळच्या दगडात एक वाटीएवढा खळगा होता. झेंड्याची काठी रोवायला केलेला असेल, नाहीतर गडावरची बाई त्यात मिरच्या कुटत असेल. एका मुलीने विचारलं, "सर, हे काय?"

आणि शैलेंद्रच्या तोंडून निघून गेलं, "गुडघा."

मग गुडघ्यामागे पाय आला, पायामागे माणूस आला. शत्रू रात्री कड्यावरून चढला. पहाऱ्यावर एकटा धारोजी. दगडावर गुडघा टेकून पहाटेपर्यंत लढला, इतका की दगड झिजला, माणूस नाही झिजला. ऐकणाऱ्यांत एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून शैलेंद्रच्याही आलं.

घरी येऊन दहीभात खाताना त्याने हे अश्लेषाला सांगितलं, तेव्हा ती ठसका लागेपर्यंत हसली होती. ही गोष्ट ती हल्ली काढत नाही.


चढ

पहिली टेकडी. दम. कुणाच्या तरी पाठीवर स्पीकर. त्यात पोवाडा, पोवाड्याखाली ढोल, ढोलाखाली आणखी काहीतरी, ज्याने छातीत धडधडतं. आधीच धडधडत होतं. गुडघ्याला पट्टे. डोक्याला फडकी. कपाळाला चंद्रकोर, घामाने ओघळून भुवईपर्यंत आलेली. "सर, अजून किती?" हे आलंच. हे आलंच म्हणायचं आणि पुढे जायचं. माकडं. माकडांना बिस्किटं. बिस्किटांची पाकिटं कारवीत. "अरे, कचरा टाकू नका रे, गड आहे हा, गड!" असं ओरडणाऱ्याच्या हातातली बाटली नंतर कुणाला दिसली नाही. दम. खिंड. खिंडीत सरबतवाली मावशी. तिच्या मडक्यावर धारोजी.

खिंडीत शैलेंद्र बसला, तशी अश्लेषा शेजारी टेकली.

"पाठ केलंस?"

"दोनच वाक्यं आहेत."

"मग एवढा पांढरा का पडलायस?"

"चढलोय म्हणून."

"चढले तर मीपण आहे."

ती चढली होती, आणि पहिल्यांदाच. अश्लेषा शाळेत आठवीला गणित शिकवते. गडकिल्ल्यांशी तिचं देणंघेणं नाही. पण या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापिकाबाईंनी नाटक ठरवलं: 'झिजला तो दगड'. आणि बसवायला अश्लेषाला सांगितलं. थर्माकोलचा कडा, आठवी ब मधला एक जाडगेला धारोजी, खाली पडलेले सातवीचे शत्रू. प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, हा खरा इतिहास आमच्यापासून मुद्दाम लपवून ठेवला गेला. पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पडद्यामागे उभी असलेली अश्लेषा, जिला हा इतिहास रचणारा घरातलाच आहे हे माहीत होतं, ती त्या रात्री शैलेंद्रशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली ते असं: "मी वर्गात पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर लिहिलं तरी शून्य देते. आणि घरात हा कारखाना! संपव. नाहीतर मला तुझ्याबरोबर कुठे बसता-उठता येणार नाही."

हे नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं नव्हतं. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर एवढं कळतं.


धारोजी, पुढच्या खेपा

शैलेंद्रची बाजूही ऐकायला हवी. त्याने फक्त गुडघा दिला होता. बाकीचं लोकांनी केलं.

कुत्रा त्याचा नव्हता. काळू नावाचा इमानी कुत्रा डोंबिवलीच्या एका ग्रुपने घातला, आणि शैलेंद्रला तो स्वतःला न सुचल्याचं वाईट वाटलं. फितूर कारभारी पुण्याच्या एका व्याख्यात्याने आणला. पुण्यतिथी फेसबुकवर ठरली. ती मार्गशीर्षातली तिथी आहे, पण दर वर्षी बरोबर रविवारीच येते. पायथ्याला धारोजी मिसळ झाली. घाटावरच्या सावटवाडीत धारोजी कॅम्पिंग झालं, तंबू भाड्याने मिळतील. कोकणाच्या बाजूने बांदवड्यातून वर येणाऱ्या वाटेला धारोजी मार्ग असं नाव पडलं.

शैलेंद्रची चूक एकच झाली. त्याने धारोजीला आडनाव दिलं नाही.

घाईत राहून गेलं. पण आडनाव नसलेला वीर महाराष्ट्रात मोकळा फार दिवस राहत नाही. सावटवाडीच्या गव्हाण्यांनी त्याला गव्हाणे केला. बांदवड्याच्या धाडव्यांनी धाडवे केला. दोन्हीकडे वंशावळी निघाल्या, दोन्हींत तो योग्य जागी बसला, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना अचानक आठवलं की आजोबा मरताना काहीतरी पुटपुटले होते.


माथा

वर पोचल्यावर पहिल्यांदा महाराजांच्या बिरुदांची गारद झाली. कातळवेड्यांतला अथांग नावाचा पंचविशीतला पोरगा ती म्हणायचा. आवाज दर वेळी शेवटच्या बिरुदाला फाटायचा आणि त्यालाच तो भावना समजायचा. मग सगळे कड्याकडे निघाले, तर तिथे जागाच नव्हती.

खळग्याभोवती आता लोखंडी कठडा होता. खळग्याला शेंदूर, झेंडूची माळ. एका बाजूला गव्हाणे उभे, भगवे फेटे बांधून. दुसऱ्या बाजूला धाडवे, तसेच फेटे, फक्त तुरा डावीकडे. मध्ये कापडाने झाकलेली संगमरवरी पाटी. पुण्यतिथीच्या मुहूर्तावर अनावरण होतं. आणि कापडाखाली, हे सगळ्यांना ठाऊक होतं, 'वीर धारोजी' याच्यापुढे आडनावाची जागा मोकळी होती.

सर्जेराव गव्हाणे म्हणजे सावटवाडीचे माजी सरपंच, तंबूवाले. येशादादा धाडवे बांदवड्याचे, त्यांच्या तीन जीपा कोकणातून माणसं आणतात. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पाटीशी बोलत होते.

"काय पाटी, आमच्या माणसाचं नाव घालायला तुला लाज वाटती का?" सर्जेराव.

"पाटी बाई, खोटं आडनाव पडलं तर तडा जाईल हां तुला," येशादादा.

"तडा डोक्याला जातो कधीकधी."

"या ना मग. कडा जवळच आहे."

कुणीतरी शैलेंद्रला पाहिलं. "खोपकर सर आले! अभ्यासक आले! त्यांनाच विचारा."

गर्दी दुभंगली आणि शैलेंद्र नकळत तिच्या मधोमध, खळग्यासमोर येऊन ठेपला. फेट्यांखालचे सगळे डोळे त्याच्यावर. काहींच्या हातात झेंड्यांच्या काठ्या होत्या, जाड, चांगल्या वेळूच्या.

"साहेब," सर्जेराव म्हणाले, "तुमच्याइतका धारोजींचा अभ्यास कुणाचा न्हाई. गव्हाणे का धाडवे, एकच शब्द बोला. आम्ही मान्य करतो."

"आम्हीपण," येशादादा म्हणाले. "धाडवे बोललात की लगेच मान्य."

शैलेंद्रने अश्लेषाकडे पाहिलं. ती कठड्याला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, तोंडी परीक्षा घेताना उभी राहते तशी. तिने हनुवटी किंचित उचलली. बोल.

तो बोलला.

"मंडळी, आडनाव मला माहीत नाही. म्हणजे आडनाव नव्हतंच. म्हणजे, खरं सांगायचं तर, धारोजीच नव्हता."

"कुठं नव्हता?" सर्जेराव म्हणाले. "त्या राती गडावर नव्हता? फितुरी झालती का?"

"कुठेच नव्हता. धारोजी मी रचला. इथेच, या दगडापाशी. एका मुलीने विचारलं आणि माझ्या तोंडून निघाला."

वाऱ्याने पाटीवरचं कापड फडफडलं. कुणीतरी स्पीकर बंद केला.

"म्हणजे," येशादादा सावकाश म्हणाले, "आमचा खापरपणजा तुमच्या तोंडातून निघाला?"

"तसं नाही..."

"तसंच बोललात तुम्ही."

"पुरावा?" मागून एक फेटा ओरडला.

"कशाचा?"

"नव्हता याचा! कागद दाखवा."

"नसलेल्या माणसाचा कागद कसा असेल?"

"मग कागद नसताना बोलता कशावर?"

स्वतः शैलेंद्रने कधी कुणाला कागद दाखवला नव्हता, आणि कुणी मागितलाही नव्हता. इतक्या वर्षांत त्याच्याकडे पुरावा मागितला गेला तो पहिल्यांदा, आणि तोही खरं बोलल्यावर.

सर्जेराव दोन पावलं पुढे आले. येशादादाही आले. दोघं आज पहिल्यांदाच एका रांगेत उभे राहिले. "आमच्यात काय ते आमचं आम्ही बघू," सर्जेराव येशादादांकडे पाहत म्हणाले. "पण भायेरच्यानं येऊन आपल्या वीराला नाही म्हणायचं?"

"कुणीतरी पढवलंय ह्याला," येशादादा म्हणाले.

"सर, हे बरोबर नाही," अथांग म्हणाला. त्याने बाही वर केली. दंडावर धारोजी गोंदलेला होता, खाली काळू. "ह्याचं मी आता काय करू? सांगा ना. काय करू?"



मग अशा वेळी जे होतं ते झालं. मोबाइल वर आले. आधी दोन, मग झाडाला पालवी फुटावी तसे सगळीकडून. कुणीतरी म्हणालं, माफी. कुणीतरी म्हणालं, नुसती नाही, जिथं त्यांनी गुडघा टेकला तिथं नाक घासून. ते सगळ्यांना पटलं. काठीवाले जवळ सरकले. एकाने शैलेंद्रची सॅक काढून नीट बाजूला ठेवली, घरी आलेल्या पाहुण्याची पिशवी ठेवतात तशी.

शैलेंद्र गुडघ्यांवर बसला. आपण सांगितलं, असं त्याच्या मनात आलं. आता काहीही होऊ दे, घरी जाऊन ती आपल्याशी बोलेल. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कौतुक दिसेल असं वाटलं होतं. अश्लेषा काठ्यांकडे पाहत होती. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

"थांबा!"

वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता. कडाही दचकला असेल.

"तुम्ही दोघंही बरोबर आहात," अश्लेषा कठड्यापासून निघत म्हणाली. "गव्हाणेही बरोबर, धाडवेही बरोबर. धारोजी जन्माने धाडवे. लहानपणी आई गेली, तेव्हा गव्हाण्यांकडे दत्तक गेले."

कुणीही पुरावा मागितला नाही.

सर्जेरावांनी फेटा सारखा केला. "म्हंजे घराणं आमचं."

"आणि रक्त आमचं," येशादादा म्हणाले.

"तरीच!" गव्हाण्यांतला एक म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला. "तरीच आमच्यात श्राद्धाला एक पान जादा वाढत्यात. मी लहानपणापासून इचारतोय, हे कुणाचं? आज कळलं."

"आणि आमच्या आज्याने घाटावर कधी पोरगी दिली नाही," येशादादा म्हणाले. "बोलायचा, तिथे आपलंच रक्त आहे, सोयरीक कशी करू?"

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. तुरे एकमेकांत अडकले, ते सोडवायला माणसं धावली. कुणीतरी हलगी वाजवायला घेतली.

शैलेंद्र अजून गुडघ्यांवरच होता. तो हळूच म्हणाला, "अश्लेषा, हे काय..."

"गप्प बस," ती ओठ न हलवता म्हणाली. "काठ्या बघितल्यास त्यांच्या?"

"अगं, पण तूच म्हणालीस..."

"मला काय माहीत, इथे गणित असं सुटतं ते."

"ताई!" धाडव्यांतली एक बाई कठड्याशी आली. नऊवारी, डोळ्यांवर गॉगल. "ताई, एक विचारू? एवढा सगळा इतिहास सांगतात, पण धारोजींची मंडळी कोण होती हो? त्यांचं नाव कुणीच घेत नाही."

इथे अश्लेषाने थांबायला हवं होतं. काम झालं होतं, नवरा वाचला होता. माहीत नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. शैलेंद्रने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला ते दिसलं. आधी डोळे जरा बारीक होतात, मग कानामागे काहीतरी गरम होतं. त्याला चांगलं ठाऊक होतं काय होतं ते.

"गोजराबाई," अश्लेषा म्हणाली.

"अगो बाई!"

"आणि रात्रभर एकटा लढला म्हणता, तर अंधारात शत्रू दिसला कसा? विचारलंय कधी कुणी? पलिते कुणी धरले होते?"

बाया पुढे सरकल्या. पुरुष मागे झाले. गव्हाण्यांच्या दोन सुना, ज्या आतापर्यंत दगडावर बसून डबे उघडत होत्या, त्या डबे तसेच ठेवून उठल्या.

"बघा!" गॉगलवाली म्हणाली. "बघा, मी म्हणत नव्हते? काळूचं नाव आहे, कुत्र्याचं! आणि बाईचं नाही."

"दोन्ही हातांत दोन पलिते," अश्लेषा म्हणाली. तिचा रंग परत आला होता, उलट जरा जास्तच. "तळहात भाजले, पण पलिते खाली ठेवले नाहीत. पाचवा महिना होता."

कुणाच्या तरी तोंडून हुंदका निघाला. तो सर्जेरावांचा होता. "पाटीवर घ्या," ते डोळे पुसत म्हणाले. "त्यांचंबी नाव घ्या. गोजराबाई धारोजी धाडवे-गव्हाणे."

"गव्हाणे-धाडवे," येशादादा म्हणाले, पण प्रेमाने.

शैलेंद्रने उठायला एक पाय सोडवला. खांद्यावर एक हात आला. जड नव्हता, पण होता.

"ताई," सर्जेराव अदबीने म्हणाले, "सायबांचं तेवढं राह्यलं."

"काय राहिलं?"

"माफीचं. नव्हता म्हणाले ना ते. आता तर तुम्हीच सगळं उलगडून सांगितलं. मंग तर ते जास्तच चुकलं."

अश्लेषाने शैलेंद्रकडे पाहिलं. मग भोवतालच्या बायांकडे, ज्या पुढचं ऐकायला खोळंबल्या होत्या.

"घास रे," ती म्हणाली. "काय जातंय तुझं? पटकन घास, ऊन चढतंय."

शैलेंद्र वाकला. दगड तापला होता. शेंदराला खोबरेल तेलाचा वास येत होता. "मी, शैलेंद्र खोपकर," तो म्हणाला, "वीर धारोजींच्या अस्तित्वाबद्दल..." पण पुढचं कुणाला ऐकू गेलं नसावं, कारण त्याच्या डोक्याशी उभी राहून अश्लेषा सांगत होती की पहाटे पहिला पलिता विझला तेव्हा गोजराबाईंनी पदर फाडून तेलात बुडवला, आणि बाया एका सुरात चुकचुकत होत्या.

अथांग मोबाइल धरून त्याच्या नाकाशी बसला होता.

"आडवा धर की फोन," मागून कुणीतरी म्हणालं. "वहिनी येत नाहीयेत त्यात."